कुलीन वेलीचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपले पूर्वज सांगून गेले. द्राक्षवेलीचे कूळ मात्र शोधले गेले, आणि सहाशे वर्षांपूर्वीच्या एका निवाड्याचा त्यामुळे आपल्याला नव्याने विचार करावा लागतो.

पूर्व फ्रान्सचा बर्गंडी प्रांत ही पिनो न्वार या काळ्या द्राक्षाची भूमी. याची साल पातळ, त्यामुळे द्राक्षारसाचा तांबडा रंग फिकट. पण सुगंध मोठा नाजूक. वेल लवकर फुटते, म्हणून वसंतातले हिमकण तिला जाळतात, उत्पन्नही बेताचेच. श्रम हीच प्रार्थना मानणाऱ्या सिस्टर्शियन मठवासीयांनी या चुनखडीच्या उतारांवर पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला. सितो येथील त्यांचा मठ १०९८ सालचा. वूजो येथे त्यांनी दगडी भिंतीने बंदिस्त केलेला सुमारे ५० हेक्टरांचा मळा आजही उभा आहे.

१३४८ च्या महामारीने गावे ओस पडली, मजूर मिळेनासे झाले. शेतकरी गामे या दुसऱ्या काळ्या द्राक्षाकडे वळले. ते लवकर पिकते, भरघोस येते. परंतु ३१ जुलै १३९५ रोजी ड्यूक फिलिप यांनी फर्मान काढले : गामे ही दुष्ट व बेइमान जात असून ती उपटून टाकावी. बर्गंडीच्या द्राक्षारसाची कीर्ती त्यांना जपायची होती, हे आम्ही समजू शकतो. पण ज्याची चूल त्या वेलीवर पेटत होती, त्याचे काय? गामे अखेर दक्षिणेकडे, बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर स्थिरावली.

१९९९ साली अमेरिकन व फ्रेंच शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून या वेलींची वंशावळ मांडली. गामे ही पिनोचीच संतती निघाली! तिचे दुसरे जन्मदाते ग्वे ब्लाँ, म्हणजे सामान्य शेतकऱ्यांच्या मळ्यातले, हलके गणले गेलेले पांढरे द्राक्ष. याच जोडीपासून शार्दोने हे जगप्रसिद्ध पांढरे द्राक्षही जन्मले. एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी एकाच्या वाट्याला मानसन्मान आला, तर दुसऱ्याच्या वाट्याला हद्दपारी.

ज्यांना परके ठरवून आपण उंबऱ्याबाहेर काढतो, त्यांची नाळ कोठे जुळलेली असेल, हे काढणाऱ्याला ठाऊक नसते.

त्याच बर्गंडीत आज पिनो आणि गामे एकत्र करून पासतूग्रँ नावाचा साधा द्राक्षारस बनवतात. ड्यूकने तोडलेले नाते तेथे एकाच पिंपात नांदते आहे.