जागा सोडणारा खेळाडू : मेजर डॉन हॉलेडर

अमेरिकेत फुटबॉल म्हणून जो खेळ खेळला जातो, तो आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून अगदी निराळा. त्यात चेंडू मुख्यतः हातात धरून धावावयाचे असते. वेस्ट पॉइंट येथील सैनिकी अकादमीचा संघ एके काळी या खेळात अग्रगण्य गणला जाई. १९५४ साली या संघातील डॉन हॉलेडर यांची 'ऑल अमेरिकन' खेळाडूंत निवड झाली.

१९३४ साली बफेलो येथे जन्मलेले हॉलेडर 'एंड' या जागी खेळत. कडेने वेगाने पुढे जाऊन लांबून आलेला चेंडू झेलणे हे त्यांचे काम. १९५५ साली मात्र संघाला क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालविणारा व चेंडू फेकणारा खेळाडू उरला नाही. प्रशिक्षक अर्ल ब्लेक यांनी ती जागा हॉलेडर यांना घ्यावयास सांगितली. आणखी एक वर्ष कीर्ती देऊ शकणारी आपली जागा त्यांनी सोडली. चेंडू फेकणे त्यांना फारसे साधले नाही. मिशिगनने २६-२ असे धूळ चारली, येलनेही हरविले. प्रशिक्षकांवर टीकेचा भडिमार झाला. तरीही नोव्हेंबरअखेर नौदल अकादमीविरुद्धचा, वर्षातला सर्वांत प्रतिष्ठेचा सामना वेस्ट पॉइंटने १४-६ असा जिंकला. त्या दिवशी संघाने फेकीवर नव्हे, धावण्यावर भिस्त ठेवली.

१९५६ साली पदवी मिळाली. न्यूयॉर्कच्या व्यावसायिक संघाने त्यांची निवड केली होती; त्यांनी सैन्यच पत्करले. पुढे कोरियात नेमणूक, वेस्ट पॉइंटला प्रशिक्षकपद, संसार, चार मुली.

१९६७ साली ते व्हिएतनाममध्ये दाखल झाले. १७ ऑक्टोबर रोजी सायगावच्या उत्तरेस ओंग थान्ह येथे 'ब्लॅक लायन्स' पलटण शत्रूच्या घेऱ्यात सापडली. पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल टेरी ॲलन (धाकटे) यांच्यासह ६०च्या आसपास सैनिक मृत्युमुखी पडले. मेजर हॉलेडर हे ब्रिगेडचे मोहीम-अधिकारी. त्यांची जागा नकाशापाशी, वर हेलिकॉप्टरमध्ये. ते खाली उतरले, हाताशी आले ते थोडे सैनिक घेतले आणि जखमींच्या दिशेने निघाले. बरोबरच्यांना मागे टाकून ते पुढे धावले आणि गोळ्यांना बळी पडले. वय अवघे ३३.

मोहीम-अधिकाऱ्याने असे धावावे का, हा प्रश्न लष्करी शिस्तीच्या दृष्टीने रास्त आहे. खाली जखमींपर्यंत पोहोचणारे कोणी तरी हवे होते, हेही तितकेच खरे. खेळाडू होते म्हणून ते धावले, असे लिहिण्याचा मोह अनेकांना होतो; पण त्यामुळे त्या दिवसाची भीषणता झाकली जाते. सेनाधिकाऱ्यांनी तर ही लढाई विजय म्हणून जाहीर केली होती. रणांगणातून परतलेल्यांना ते कधीच मान्य झाले नाही.

१९८५ साली वेस्ट पॉइंटच्या क्रीडागृहाला हॉलेडर यांचे नाव देण्यात आले. त्यांना मरणोत्तर मिळालेल्या 'सिल्व्हर स्टार'ऐवजी त्याहून वरचे 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस' हे पदक २०१२ साली देण्यात आले, मृत्यूनंतर ४५ वर्षांनी.