बोर्डोच्या वेलींची वंशावळ

सन १८५५ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या इच्छेनुसार पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी बोर्डो शहरातील दलालांनी तेथील तांबड्या मद्यांची जी सुप्रसिद्ध प्रतवारी सिद्ध केली, तिच्यात मद्य बनवणाऱ्या वाड्यांची नावे आहेत, गावांची आहेत, पहिलीपासून पाचवीपर्यंत पायऱ्या आहेत. परंतु ज्या द्राक्षांच्या रसावर हा सारा मानमरातब उभा होता, त्यांच्या एकाही जातीचा उल्लेख तिच्यात आढळत नाही. बाजारभाव पाहून वाड्यांना जणू सनदा मिळाल्या आणि वेल तेवढी दप्तराबाहेर राहिली. ही उपेक्षा मला नेहमीच अन्यायाची वाटत आली आहे, कारण वाड्यांच्या इतिहासाहून या वेलींचा इतिहास अधिक नाट्यमय आहे.

गारोन आणि दोर्दोन्य या नद्यांच्या संगमातून झिरोंद हा विस्तीर्ण जलप्रवाह निर्माण होतो. त्याच्या डाव्या तीरावरील मेदोकची बरीच जमीन पूर्वी दलदलीची होती. सतराव्या शतकात डच स्थापत्यकारांनी पाट खणून तिच्यातील पाणी काढून दिले. तेथील गोटे दिवसभर उन्हात तापतात आणि रात्री ती ऊब वेलीला परत देतात, म्हणून उशिरा पिकणारी कॅबर्ने सोव्हिन्याँ ही जात तेथे रुजली. उजव्या तीरावरील सेंतेमिलियाँ आणि पोमरोल येथील थंड चिकणमातीत मात्र लवकर पिकणाऱ्या मेर्लोने आपले ठाणे मांडले. दोहोंच्या रसाचे मिश्रण करण्याची वहिवाट पडली तिच्या मुळाशी रुचीइतकीच भीतीही होती, कारण समुद्राकडून येणारा पाऊस एका जातीचे पीक बुडवी तेव्हा दुसरी जात रयतेची लाज राखी.

या जाती अनादी आहेत असा समज रूढ होता. १९९७ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे जॉन बॉवर्स आणि कॅरोल मेरेडिथ यांनी वेलींची आनुवंशिक तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा काळ्या द्राक्षांची महाराणी मानली जाणारी कॅबर्ने सोव्हिन्याँ ही काळी कॅबर्ने फ्राँ आणि पांढरी सोव्हिन्याँ ब्लाँ यांच्या संकरातून जन्मलेली संतती असल्याचे सिद्ध झाले. हाच कॅबर्ने फ्राँ मेर्लोचा पिता आणि कार्मेनेर या जातीचाही एक जनक निघाला. मेर्लोची माता मात्र कोणत्याही नामांकित मळ्यात सापडली नाही. ब्रिटनीतील सें-स्युलियाक गावच्या एका पडीक मळ्यात एक अनोळखी वेल मिळाली, आणि पुढे शारांत प्रांतातील काही खेड्यांत, घरांच्या दर्शनी भिंतींवर चढलेल्या तिच्या बहिणी आढळल्या. सेंट मेरी मॅग्डलीनच्या सणाच्या, म्हणजे २२ जुलैच्या सुमारास तिची फळे पिकतात, म्हणून गावकरी तिला मादलेनचे द्राक्ष म्हणत. माल्बेक ही जात तिचेच दुसरे अपत्य. अर्धे बोर्डो जिच्या लेकीच्या रसावर जगते ती माता कोणाच्या तरी ओसरीवर सावली धरून उभी असावी, हे चित्र काही केल्या माझ्या मनातून जात नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कुळावर संकटांची रांग लागली. प्रथम भुरी ही बुरशी आली. तिच्यामागून अमेरिकेतून आलेल्या फिलोक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने मुळे शोषून मळेच्या मळे वाळवले. आणि त्यावर उपाय म्हणून अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम करण्याची पद्धत रुजत असतानाच केवडा या रोगाने पाने करपवली. सें-झुलियाँच्या परिसरात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना यांचे निळसर पाणी शिंपण्याची चाल होती. १८८२ च्या शरद ऋतूत बोर्डो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे त्या वाटेने जात असता, आतल्या वेलींची पाने गळून गेली असून रस्त्याकडेच्या तेवढ्या हिरव्या आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले. आणि तीन वर्षांच्या प्रयोगांनंतर, १८८५ साली, त्यांनी त्या मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. नाशिक-सांगलीकडचा बागायतदार छाटणीनंतर ढगाळ हवा पाहून ज्या बोर्डो मिश्रणाची फवारणी करतो, ते हेच. आणि तो ज्या डॉगरीज खुंटावर डोळे भरतो, तोही अमेरिकेतील रानवेलीच्याच वंशातला.

कलमांच्या या नव्या अंमलात सर्वांना वतन परत मिळाले नाही. कार्मेनेरची फुले थंड ओल्या वसंतात फळ न धरताच गळत, म्हणून पुनर्लागवडीच्या वेळी मळेवाल्यांनी तिला जवळजवळ बेदखल केले. परंतु किडीच्या आगमनापूर्वीच तिच्या काही काड्या चिलीला पोचल्या होत्या, आणि तेथे मेर्लोच्या ओळींत मिसळून, मेर्लो याच नावाने, ती शतकाहून अधिक काळ नांदत राहिली. १९९४ च्या नोव्हेंबरात, चिलीतील वेली फुलावर असताना, झाँ-मिशेल बूर्सिको या फ्रेंच तज्ज्ञाने एका मळ्यात फुलांतील पिळवटलेले पुंकेसर पाहून तिला ओळखले. माल्बेकची हकीकतही अशीच विषादाची आहे. १९५६ च्या फेब्रुवारीतील भयंकर थंडीने बोर्डोतील तिच्या वेली मोठ्या प्रमाणावर मेल्या, रिकाम्या जागांपैकी पुष्कळ मेर्लोने बळकावल्या, आणि माल्बेकचे खरे वैभव आज अर्जेंटिनातील मेंदोसात पाहावे लागते.

आता उष्मा वाढतो आहे, आणि लवकर पिकण्याचा जो गुण एके काळी मेर्लोचे भूषण होता तोच तिच्यावर उलटू पाहतो आहे, कारण ऑगस्टच्या उन्हात तिच्या फळांत साखर फार चढते आणि आंबटपणा ओसरतो. २०२१ मध्ये फ्रेंच शासनाने बोर्डोच्या मळ्यांत सहा नव्या जातींना प्रवेश दिला. त्यांत पोर्तुगालची तुरिगा नासिओनाल आहे, आणि कास्तेत ही विस्मृतीत गेलेली नैऋत्य फ्रान्सची जुनी जातही आहे. मात्र त्यांची लागवड मळ्याच्या ५ टक्क्यांपुढे आणि मिश्रणातील वाटा १० टक्क्यांपुढे जाऊ नये अशी अट आहे, आणि बाटलीवरील चिठ्ठीवर त्यांचे नाव छापण्यास मुभा नाही.