जंगलपट्ट्यातील वाणिज्य आणि संगणक: गोंडवाना विद्यापीठाची वाटचाल

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. जिल्हा वेगळा झाला, विद्यापीठ मात्र नागपूरचेच राहिले. १९२३ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाने या भागाला पदवीधरांच्या अनेक पिढ्या दिल्या, हे ऋण मोठे आहे. अडचण होती ती अंतराची. गुणपत्रिकेतील एक चूक दुरुस्त करून घ्यायची तरी सिरोंचातील विद्यार्थ्याला आलापल्लीच्या जंगलातून बाहेर पडून नागपूर गाठावे लागे. त्यात पूर्ण दिवस जाई, मुक्कामाचा खर्च वेगळा. रेल्वे म्हणावी तर साऱ्या गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंज, म्हणजे वडसा, एवढे एकच स्थानक होते.

या भूमीत उच्च शिक्षणाचा पाया मात्र गोंडवाना विद्यापीठाच्या कितीतरी आधी घातला गेला होता. वरोऱ्याला बाबा आमटे यांच्या आनंदवनात कुष्ठमुक्तांच्या श्रमातून आनंद निकेतन महाविद्यालय उभे राहिले. चंद्रपुरात शांताराम पोटदुखे यांच्या पुढाकाराने १९७० साली सरदार पटेल महाविद्यालय सुरू झाले. जीवतोडे गुरुजींच्या चांदा शिक्षण प्रसारक मंडळाचे जनता महाविद्यालय, ब्रह्मपुरीचे नेवजाबाई हितकारिणी महाविद्यालय आणि आरमोरीचे महात्मा गांधी महाविद्यालय ही नावे घेतल्याशिवाय ही वाटचाल पुरी होत नाही. वाणिज्य शाखेचा पहिला विद्यार्थी याच महाविद्यालयांतून घडला. कोळसा खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना, सिमेंटचे कारखाने आणि औष्णिक वीज केंद्र यांमुळे चंद्रपुरात हिशेबनीसाला काम होते. पुढे कार्यालयांत संगणक आला, तेव्हा वही आणि संगणक दोन्ही जाणणारा माणूस हवा झाला. नागपूर विद्यापीठाचा बीसीसीए, म्हणजे संगणक उपयोजनासह वाणिज्य पदवी, ही गरज पुरी करणारा अभ्यासक्रम ठरला. लेखाशास्त्र, व्यावसायिक अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन यांच्या जोडीला प्रोग्रॅमिंग, डेटाबेस आणि टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर, अशी त्याची घडण होती. त्यापुढे एमसीएम ही संगणक व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी होती.

स्वतंत्र विद्यापीठाच्या मागणीला २०११ साली यश आले. २७ सप्टेंबर २०११ रोजी शासनाची अधिसूचना निघाली आणि २ ऑक्टोबरपासून, गांधी जयंतीच्या दिवशी, गोंडवाना विद्यापीठाचे कामकाज गडचिरोलीत सुरू झाले. चांदागडच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंड राजांनी शतकानुशतके राखलेल्या मुलुखाचे नाव विद्यापीठाला मिळाले. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे त्याचे कार्यक्षेत्र ठरले. २०११ च्या जनगणनेनुसार या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या ३२ लाखांहून अधिक होती. गडचिरोलीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाच्छादित होता. दोनशेहून अधिक महाविद्यालये नागपूरकडून नव्या विद्यापीठाकडे आली आणि त्यांच्याबरोबर चालू अभ्यासक्रमही आले. बीसीसीए हा त्यांतलाच एक.

पहिले कुलगुरू डॉ. विजय आईंचवार यांच्या कार्यकाळात सर्व काही शून्यातून उभारायचे होते. जागा अपुरी, मंजूर पदे थोडी, आणि वर्ष थांबवता येत नव्हते, कारण परीक्षा वेळेवर व्हायलाच हव्या होत्या. परीक्षा विभागातील मोजक्या कर्मचाऱ्यांनी, तसेच दूरच्या केंद्रांवर प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिकांची ने-आण करणाऱ्या प्राध्यापकांनी आणि शिपायांनी ती पहिली वर्षे निभावून नेली. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. वेळापत्रक आखताना हे ध्यानात ठेवावे लागणारे विद्यापीठ राज्यात दुसरे क्वचितच असेल. दुसरे कुलगुरू डॉ. नामदेव कल्याणकर हे संगणकशास्त्राच्या अध्यापन-संशोधनातून आलेले आणि नांदेडच्या यशवंत महाविद्यालयाचे माजी प्राचार्य होते. २०२१ पासून डॉ. प्रशांत बोकारे यांनी धुरा सांभाळली.

वाणिज्य-संगणक शिक्षणापुढील खरी अडचण भाषेची होती आणि ती अजून पुरती सरलेली नाही. एटापल्लीच्या मुलाची घरची भाषा माडिया, कोरचीच्या मुलीची छत्तीसगढी किंवा गोंडी, सिरोंचात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली. शाळा मराठीतून झालेली आणि संगणकाचे पुस्तक इंग्रजी. शिवाय वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. शिक्षकांनी जमा-नावे मराठीत शिकवले, प्रोग्रॅमच्या ओळी फळ्यावर लिहून दाखवल्या आणि प्रयोगशाळेत वीज असेल तेवढ्या वेळात विद्यार्थ्यांना आळीपाळीने संगणकावर बसवले. कुठल्याही अहवालात न येणारे हे काम या वाटचालीचा कणा आहे. २०२० च्या टाळेबंदीत अध्यापन मोबाइलवर गेले, तेव्हा रेंज मिळवण्यासाठी उंचवट्यावर जाऊन बसणारे विद्यार्थी दुर्गम तालुक्यांत होते. त्या काळाने किती मुले शिक्षणापासून दुरावली याची खंत राहीलच.

या शिक्षणाचा उपयोग नोकरीपुरता राहिला नाही, ही गोष्ट इथे विशेष नोंदवावी लागेल. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पाठोपाठ अनेक ग्रामसभांनी विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपानांचे व्यवहार स्वतःकडे घेतले. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. कोणत्या घराने किती पुडे दिले, फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, किती नोंदले गेले, ठेकेदाराकडून किती रक्कम बँकेत आली, मजुरी किती वाटली आणि ग्रामसभेच्या खात्यात काय उरले, हे सारे चोख लिहावे लागते. पॅन, कर आणि लेखापरीक्षण ग्रामसभेलाही चुकत नाहीत. बाहेरच्या मुनिमावर विसंबून लुबाडले जाण्याचा या भागाचा अनुभव जुना आहे. त्यामुळे गावातलीच मुलगी टॅली जाणते आणि हिशेब ग्रामसभेपुढे वाचून दाखवू शकते, याचे मोल कारखान्यातील पगारावरून ठरवता येणार नाही. ग्रामसभांच्या सक्षमीकरणाचे प्रशिक्षण विद्यापीठाने स्वतःचे काम मानले, हा निर्णय म्हणूनच दूरदृष्टीचा होता.

दरम्यान विद्यापीठाचा व्याप वाढत गेला. गडचिरोलीत आदर्श पदवी महाविद्यालय आणि वाणिज्यासह पदव्युत्तर विभाग सुरू झाले. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र आले आणि टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहकार्याने कौशल्य व नवोपक्रम केंद्र उभे राहिले. ५ जुलै २०२३ रोजी दहाव्या दीक्षान्त समारंभासाठी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू गडचिरोलीत आल्या. आदिवासी समाजातून आलेल्या देशाच्या पहिल्या राष्ट्रपतींच्या उपस्थितीत या जिल्ह्यातील मुलामुलींचा गौरव झाला.

२०२४-२५ पासून बीसीए, बीबीए यांसारखे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. नव्या शैक्षणिक धोरणाने कार्यानुभवाला श्रेयांक दिले. चंद्रपूरच्या विद्यार्थ्याला तो अनुभव कारखान्यात मिळतो. कोरची, भामरागडच्या विद्यार्थ्यासाठी तालुक्याची बँक, वडशाची राईस मिल, सहकारी संस्था आणि ग्रामसभेचे कार्यालय हीच कार्यशाळा आहे. गडचिरोलीजवळ अडपल्लीला विद्यापीठाचा नवा परिसर आकार घेत आहे. दुर्गम तालुक्यांतील मुलींसाठी वसतिगृहे आणि संगणक विषयाचे पूर्णवेळ शिक्षक या दोन गोष्टींना तिथे पहिले स्थान मिळावे, अशी महाविद्यालयांची रास्त अपेक्षा आहे.