‘काल काय खाल्लं?’ या प्रश्नाचा इतिहास

मागच्या महिन्यात आमच्या विभागातल्या एका ज्युनिअरचा फोन आला. “ताई, आहार सर्वेक्षणाची एखादी तयार प्रश्नावली असेल तर पाठवा ना. माणसाने काय खाल्लं तेच तर विचारायचंय.” मी पाठवली, पण ते ‘तेच तर’ डोक्यातून जाईना. कारण पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मीही असंच समजत होते.

माझ्या पायलट स्टडीचं दुसरंच घर होतं, परभणी जिल्ह्यातल्या एका गावातलं. ओसरीवर बसून मी सुनेला विचारलं, “काल दिवसभरात काय काय खाल्लं?” उत्तर सासूबाईंनी दिलं. “भाकर अन् कोरड्यास. आमच्यात सगळे तेच खातेत.” किती भाकरी? “पोटभर.” सून नुसती हसली. फॉर्ममधल्या रकान्यात आकडा हवा होता, म्हणून मी ३ लिहिलं. तो ३ त्या बाईच्या तोंडून आलेला नव्हता, सासूबाईंच्याही नाही. तो माझा होता.

आहार मोजायच्या पद्धतींचा इतिहास मी त्यानंतर वाचायला घेतला, आणि असे ‘३’ तिथे पानोपानी भेटले. संशोधनाची तयारी करताना आपण पद्धती पाठ करतो. अमुक पद्धतीचे फायदे, तमुक पद्धतीचे तोटे. पण ती पद्धत कुणी, कशासाठी, कुणाचे पैसे वाचवायला किंवा कुणाचा जीव वाचवायला काढली, हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

आपल्याकडे ‘माणसाला किती अन्न लागतं’ हा प्रश्न सरकारदरबारी आकड्यांत आणि कडाक्याने भांडला गेला तो १८७६–७८ च्या दुष्काळात. दख्खन, कर्नाटक आणि मद्रास इलाखा होरपळत होता. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने सर रिचर्ड टेंपलला पाहणीसाठी पाठवलं. हा टेंपल मुळात कंजूष माणूस नव्हता, हे लक्षात ठेवा. १८७३–७४ च्या बिहारच्या दुष्काळात त्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला होता आणि माणसं वाचवली होती. त्याबद्दल शाबासकीऐवजी ‘उधळ्या’ म्हणून टीका वाट्याला आली. या वेळी तो धडा शिकून आला होता. दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराला दिवसाला १ पौंड धान्य, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, आणि वर १ आणा पुरेल असं त्याने ठरवलं. बाया आणि पोरांना त्याहून कमी. हीच ती ‘टेंपल मजुरी’.

मद्रासचा सॅनिटरी कमिशनर डॉ. डब्ल्यू. आर. कॉर्निश याने तिला उघड विरोध केला. त्याचं म्हणणं होतं की दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला किमान दीड पौंड धान्य लागतं, आणि नुसतं धान्यही पुरत नाही. डाळ हवी, भाजीपाला हवा. टेंपल विचारत होता की किती कमी दिलं तर चालेल. कॉर्निश विचारत होता की काम करून माणूस जगायला किती लागेल. दोघंही पौंडातच बोलत होते, पण प्रश्न एक नव्हता. मार्च १८७७ मध्ये मद्रास सरकारने मधला मार्ग काढला: सव्वा पौंड धान्य आणि दीड औंस डाळ. आपल्या मुंबई इलाख्यात मजुरांनी मजुरी कपातीविरुद्ध कामं सोडली आणि पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची दुष्काळाची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. आजच्या भाषेत त्याला फील्ड डेटाच म्हणायला हवं. टेंपल त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला. या दुष्काळात किती माणसं गेली याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण कमीत कमी अंदाजही ५० लाखांच्या वर जातो.

म्हणून ‘किमान गरज’ हा शब्द थिसिसमध्ये लिहिताना माझा हात जरा थबकतो. तुमचाही थबकावा.

पुढचा टप्पा प्रयोगशाळेचा. निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसनने पोषणाचं संशोधन उभं केलं. त्याचे उंदरांवरचे प्रयोग तुम्ही वाचले असतील: वेगवेगळ्या प्रांतांतल्या लोकांचं जेवण उंदरांना घालायचं आणि कोणते उंदीर धडधाकट होतात ते पाहायचं. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत सुदृढ निघाले, मद्रासी आहारावरचे त्यामानाने किरकोळ. विज्ञान म्हणून प्रयोग महत्त्वाचा आहे, त्यात वाद नाही. पण दूध, लोणी, डाळ आणि गव्हाची रोटी ताटात पडायला घरात जनावर लागतं, शेत लागतं. उंदराला ते पिंजऱ्यात आयतं मिळालं. १९३५ मध्ये डब्ल्यू. आर. आयक्रॉइड तिथे संचालक झाला आणि १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची छोटी पुस्तिका निघाली. कुन्नूरची ती संस्था १९५८ मध्ये हैदराबादला हलली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. तुम्ही ज्या २०१७ च्या कोष्टकांतून ज्वारीच्या कॅलरीज काढता, त्यांची वंशावळ या पुस्तिकेपर्यंत जाते.

कोष्टक आलं, आता घरात किती शिजलं ते मोजलं की झालं. पण मोजलेलं वाटायचं कसं? इथे ‘कन्झम्प्शन युनिट’ येतं, आणि माझ्या मते आहारमापनाच्या इतिहासातली सगळ्यात निरुपद्रवी दिसणारी आणि सगळ्यात जास्त काही लपवणारी गोष्ट हीच आहे. बैठं काम करणारा प्रौढ पुरुष म्हणजे १ युनिट. त्याच हिशेबात बैठं काम करणारी बाई ०.८. ही ०.८ अमेरिकेत अ‍ॅटवॉटरच्या काळापासून, म्हणजे १९व्या शतकाच्या शेवटापासून चालत आली आहे. आपल्याकडच्या कोष्टकात कष्टाचं काम करणारा पुरुष १.६ आणि बाई १.२.

आता हिशेब करून बघा. नवरा-बायको दोघंही ऊसतोडीला जातात. दिवसभरात घरात ७ भाकरी झाल्या. युनिटं २.८. सात भागिले २.८, म्हणजे दर युनिटला अडीच भाकरी. याचा अर्थ कागदावर नवऱ्याने ४ खाल्ल्या, बायकोने ३. प्रत्यक्षात त्याने ५ खाल्ल्या असतील आणि तिच्या वाट्याला २ आल्या असतील, तरी तुमचं उत्तर तेच राहणार: दर युनिटला अडीच. तिने एकही खाल्ली नसती तरी उत्तर तेच. घरात अन्न गरजेप्रमाणे वाटलं जातं हे गृहीत धरल्याशिवाय हे गणित चालतच नाही. आणि आपल्या घरांत आधी कोण जेवतं, शेवटी टोपल्यात काय उरतं, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

१९७२ साली राष्ट्रीय पोषण निरीक्षण संस्था, म्हणजे आपली एनएनएमबी, स्थापन झाली. तिच्या सर्वेक्षणांत घराच्या मापनाबरोबर व्यक्तीनिहाय २४ तासांचं आहारस्मरणही घेतलं जाऊ लागलं, म्हणजे ‘काल काय खाल्लं?’ हा प्रश्न एकेकाला विचारला जाऊ लागला. त्यामुळे निदान घराच्या आत डोकावता येऊ लागलं. अर्थात उत्तर सासूबाई देत असतील तर डोकावूनही दिसतं ते दारापर्यंतच.

आता पुण्याकडे या. १९७१ च्या जानेवारीत गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० कॅलरीज मिळवायच्या तर किती खर्च लागतो हे त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांतून काढलं: १९६०–६१ च्या किमतींना खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. या रेषेखाली खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के लोकसंख्या निघाली. भूक मोजायचं एकक आता गरिबी मोजायचं एकक झालं होतं.

त्याला आव्हान देणारा माणूसही पुण्यातच होता. पां. वा. सुखात्मे अनेक वर्षं रोमला एफएओच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. निवृत्तीनंतर ते पुण्यात परतले. त्यांचा मुद्दा संख्याशास्त्रातला होता आणि तो प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने समजून घ्यावा असा आहे. एकच निरोगी माणूस आज १९०० कॅलरीज खातो, परवा २६०० खातो. शरीर एका मर्यादेत जुळवून घेतं. मग एका दिवसाचा आकडा सरासरी गरजेपेक्षा कमी दिसला म्हणून त्याला उपाशी कसं ठरवणार? रेषा सरासरीवर न ओढता बरीच खाली, सरासरी उणे दोन प्रमाण विचलन इथे ओढा. तसं केलं की कुपोषितांची संख्या धाडकन खाली येते.

दांडेकरांना हे मान्य नव्हतं. गरिबाचं कमी खाणं म्हणजे आज कमी आणि उद्या जास्त असा चढउतार नव्हे, ते रोजचंच कमी असतं, असा त्यांचा रोख होता. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांची हरकत आणखी वेगळी होती: शरीर ‘जुळवून घेतं’ म्हणजे काय करतं? वाढ खुंटवतं, हालचाल कमी करतं. त्याची किंमत कुणीतरी मोजतच असतं. पुढे बरीच वर्षं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त हा वाद चालला.

माझं मत विचाराल तर सुखात्म्यांचा पहिला मुद्दा बरोबर आहे. एका दिवसाच्या रिकॉलवरून एखाद्या व्यक्तीवर शिक्का मारू नका. किमान दोन-तीन दिवस घ्या, त्यात एखादा बाजाराचा दिवस असू द्या. पण तिथून ‘भुकेले मुळात कमीच आहेत’ इथे उडी मारणं मला पटत नाही. ज्या आकड्यांवर तो चढउतार मोजला होता, त्यांत मार्गनच्या प्रयोगातले नियंत्रित आहारावरचे तरुण होते. त्यांच्या ताटात उद्या काय येणार हे ठरलेलं होतं. ऊसतोडीच्या कोपीत तसं काही ठरलेलं नसतं.

राष्ट्रीय नमुना पाहणीबद्दल दोनच गोष्टी सांगते, कारण परीक्षेला फक्त तिची स्थापना (१९५०) विचारतात. एक म्हणजे आठवणीचा कालावधी. १९९० च्या दशकात काही फेऱ्यांमध्ये प्रयोग म्हणून निम्म्या घरांना अन्नखर्च ३० दिवसांचा विचारला, निम्म्यांना ७ दिवसांचा. सात दिवसांच्या उत्तरांत खाणं इतकं जास्त निघालं की त्या हिशेबाने देशातली गरिबी जवळजवळ निम्मी झाली असती. धान्य तेच आणि माणसंही त्याच देशातली, बदलला होता फक्त प्रश्न. १९९९–२००० च्या फेरीत तर एकाच घराला दोन्ही कालावधी विचारले आणि त्या आकड्यांवरून अर्थशास्त्रज्ञांचं वर्षानुवर्षं भांडण झालं.

दुसरी गोष्ट कमी माहीत आहे. शिजवलेलं जेवण बरीच वर्षं ते ज्या घरात शिजलं त्याच घराच्या खात्यात मोजलं जायचं. म्हणजे सालगड्याने मालकाच्या वाड्यावर खाल्लेली भाकरी मालकाच्या कॅलरीजमध्ये, आणि धुणंभांडी करणाऱ्या मावशींना मिळालेलं शिळं अन्न मालकिणीच्या. श्रीमंत घर कागदावर जास्त खाणारं आणि मजुराचं घर कमी खाणारं दिसणार.

आणि काही गोष्टी तर कुठल्याच खात्यात येत नाहीत, कारण त्या सांगितल्याच जात नाहीत. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ वाचलं नसेल तर पोषणशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकाइतकंच ते गरजेचं आहे असं समजून वाचा. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाण्याची त्यात नोंद आहे. त्यातले कितीतरी पदार्थ आपल्या कोष्टकांत नाहीत आणि प्रश्नावल्यांतही नाहीत. २०१८ मध्ये बालमुरली नटराजन आणि सूरज जेकब यांनी मोठ्या सर्वेक्षणांची तुलना करून दाखवलं की मांसाहार, विशेषतः गोमांस, सर्वेक्षणांत कमी सांगितलं जात असावं आणि शाकाहारी फुगवून मोजले जात असावेत. आपल्याकडे मार्च २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. अशा वेळी अनोळखी माणूस फॉर्म घेऊन दारात येतो, नाव-आडनाव लिहून घेतो आणि मग विचारतो, काल काय खाल्लं? माझ्या आडनावावरून माझी जात लोकांना कळते. ती कळल्यावर ‘मटण’ हा शब्द ‘कालवण’ होतो, हे मी स्वतः ऐकलंय.

माझी प्रश्नावली मी बदलली. आता बाईशी वेगळं, शक्यतो चुलीपाशी बोलायचं. वाढतं कोण, शेवटी कोण जेवलं, बाहेरून काही मिळालं का, घरातलं कुणाला दिलं का, हे विचारायचं. भाकरी मोजण्याआधी त्या घरची एक भाकरी काट्यावर ठेवायची, कारण प्रत्येक हाताची भाकरी वेगळ्या वजनाची असते. याने एका मुलाखतीला जवळपास पाऊण तास जास्त लागतो. आमचे सर म्हणतात, अशाने सॅम्पल पूर्ण होणार नाही, आणि त्यांचंही चुकत नाही. परीक्षक पहिल्यांदा सॅम्पल साइजच बघतात. सध्या २४० घरांवरून १६० वर तडजोड झाली आहे.

परभणीच्या त्या घरी मी पुन्हा जाऊन आले. सासूबाई लग्नाला गेल्या होत्या. सुनेने बोटांवर मोजून सांगितलं: सकाळी अर्धी, चहात बुडवून. दुपारी रानात दीड. रात्री पाहुणे होते, म्हणून भात उरला तेवढा. मी जुना फॉर्म काढून ३ वर काट मारली आणि बाजूला तारीख घालून सही केली.