मालाडच्या उजेडातला म्युनिककर

रोहिणखेडची दगडी मशीद मागे पडली. १५८२ साली खुदावंदखानाने बांधलेली, तुम्ही येताजाता पाहिलेली. साल १९३६ आहे आणि तुमची दमणी मलकापूरच्या वाटेला लागली आहे. बुलढाणा जिल्हा सध्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, म्हणजे मुंबईला निघणं हे दुसऱ्या इलाख्यात जाणं. मलकापूरला जी.आय.पी.ची गाडी, भुसावळला चहा, इगतपुरीपासून पुढे विजेचं इंजिन, दादरला बदलून बी.बी.सी.आय.ची लोकल. मालाडला उतरता तेव्हा कॉलरच्या आत कोळशाची कच अजून टोचते आहे.

बॉम्बे टॉकीज कुठे, हे कुणालाही विचारा. एफ. ई. दिनशॉ यांच्या बंगल्याच्या आवारात हिमांशु राय आणि देविका राणी यांनी दोन वर्षांपूर्वी ही चित्रपटांची लिमिटेड कंपनी उभी केली. आत शिरता आणि डोळे दिपतात.

‘ओ पाव्हणे, वायरीवर पाय नको!’ दिव्यांच्या मचाणावरून एक पोरगा ओरडतो. मग जरा नरमून, ‘कुठचे म्हणायचे?’

‘आमी रोहिनखेडचे. मलकापूराकडचे.’

त्याला काही उमगलेलं दिसत नाही. तो पुन्हा दिव्याकडे वळतो, कारण खालून साहेबाने बोट वर केलं आहे.

हा साहेब जोसेफ विर्शिंग. वय तेहतीस, जन्म म्युनिकचा, तिथल्या एमेल्का चित्रपट कंपनीत तयार झालेला. १९२५ मध्ये दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेनबरोबर तो पहिल्यांदा हिंदुस्थानात आला. बुद्धाच्या जीवनावरचा ‘प्रेम संन्यास’ हा मूकपट त्यांनी केला, बुद्ध झाले खुद्द हिमांशु राय. रायसाहेबांनी बोलपट काढायचं ठरवलं तेव्हा हीच माणसं परत बोलावली. दिग्दर्शनाला ओस्टेन, नेपथ्याला कार्ल फॉन श्प्रेटी, रसायनशाळेत विल्हेल्म झोले. ओस्टेनला हिंदी येत नाही. संवाद बरोबर पडला की नाही हे बाकीच्यांनी सांगायचं, चेहरा बरोबर पडला की नाही हे विर्शिंगने.

आज ‘अछूत कन्या’चं काम चालू आहे. रेल्वे फाटकवाल्या दुखियाची झोपडी उभी आहे. देविका राणी त्याच्या मुलीच्या, कस्तुरीच्या वेशात येऊन खडूच्या खुणेवर उभ्या राहतात. एक दिवा समोरून, जरा वरून. दुसरा मंद, बाजूने, गालावरची सावली फिकी करायला. तिसरा मागून. तो लागताच केसांची कड उजळते आणि बाई मागच्या भिंतीपासून सुटून पुढे येतात. विर्शिंग पहिल्या दिव्यापुढे झिरझिरीत कापड लावायला सांगतो, पुढे येतो, मागे जातो, मान हलवतो. दिवा वीतभर खाली येतो. नाकाखालची काळी रेघ विरते. बाईंच्या कपाळावर घाम, कुणी तो टिपून जातं. एवढ्या खटपटीतून पडद्यावर किती क्षण उरणार? तुम्ही मनात हिशेब करता आणि सोडून देता.

मधल्या वेळेत गळ्यातला लायका कॅमेरा काढून तो माणसांचे फोटो घेत हिंडतो: चहा पिणारे, डुलक्या काढणारे, मुखवटा उतरलेले. पुढे या फोटोंतूनच जग हा स्टुडिओ पाहणार आहे.

एक गोष्ट मात्र तुम्हाला खटकेल, आणि खटकायलाच हवी. गेल्या ऑक्टोबरात येवल्यात बाबासाहेबांनी केलेली धर्मांतराची घोषणा वऱ्हाडात घरोघरी पोचली आहे. पाणवठ्यावर कोण कुठे उभं राहतं, हे तुम्ही रोज पाहता. इथे अस्पृश्य म्हणून उभी असलेली मुलगी कोरलेल्या भुवयांची, रेशमी कांतीची. विर्शिंगचा उजेड तिला उन्हातान्हाचं काही लागू देत नाही. चित्रपटाचा हेतू प्रामाणिक आहे, पण हा उजेड कस्तुरीचा नसून देविका राणींचा आहे. नायक अशोक कुमार त्यामानाने खरा वाटतो. कालपर्यंत तो इथल्याच रसायनशाळेत फिल्म धूत होता, कॅमेऱ्यासमोर हात कुठे ठेवावेत हे त्याला अजून सुचत नाही.

डोळे मिटून उघडा: १९३९, सप्टेंबर. युरोपात युद्ध पेटलं आणि ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने मालाडचे हे कारागीर एका दिवसात शत्रू ठरले. विर्शिंगला नेतात अहमदनगरच्या नजरकैदेत. तारेच्या कुंपणाशी जाऊ नका, शिपाई हटकतो. ओस्टेन नाझी पक्षाचा सभासद होता, तो पुढे मायदेशी परतला. विर्शिंगची उमेदीची वर्षं छावण्यांत गेली, नगरनंतर डेहराडूनलाही. याच काळात, १९४० मध्ये, हिमांशु राय वारले. विर्शिंगच्या हाताखाली तयार झालेल्या आर. डी. परींजांनी १९४३ मध्ये ‘किस्मत’ चित्रित केला आणि तो कलकत्त्यात तीन वर्षांहून जास्त चालला.

युद्धानंतर म्युनिकची वाट मोकळी होती. विर्शिंग मालाडलाच आला.

आता १९४९ मध्ये या. ‘महल’चा सेट, कमाल अमरोहींनी दिग्दर्शित केलेला पहिलाच चित्रपट. तोच विर्शिंग, पण आता तो दिवे विझवायला सांगतोय. अशोक कुमार जिन्यावर उभा, अर्धा चेहरा काळोखात. मधुबाला झोपाळ्यावर येते ती आधी नुसती हालचाल म्हणून, चेहरा नंतर. माझ्या मते त्याचा खरा हात इथे दिसतो. तेरा वर्षांपूर्वी तो प्रत्येक सावली पुसत होता, इथे सावलीच भूत होऊन वावरते. जर्मन मूकपटांच्या काळोखाशी परिचय असलेल्या माणसाला अलाहाबादचा ओसाड वाडा परका वाटला नसावा.

पुढची वर्षं भराभर जाऊ द्या. बॉम्बे टॉकीजला टाळं लागतं. १९६० मध्ये विर्शिंगने चित्रित केलेला ‘दिल अपना और प्रीत पराई’ लागतो. अमरोहींचा ‘पाकीझा’ आधी कृष्णधवल, मग रंगीत, मग सिनेमास्कोप असा रूपं बदलत रखडतो. ११ जून १९६७ रोजी विर्शिंग मुंबईतच मरण पावतो. चित्रपट अर्धाच आहे.

तो पुरा करायला दुसरे कॅमेरामन आले. फेब्रुवारी १९७२ मध्ये तुम्ही तिकीट काढून बसता, नामावलीत विर्शिंगचं नाव येतं. मग तुम्ही ठरवता, त्याचं कुठलं आणि इतरांचं कुठलं ते ओळखायचं. मीनाकुमारीच्या गालावरचा उजेड, कोठ्यावरची झुंबरं, रात्रीची रेल्वे. मध्यंतरापर्यंत चार जागी तुम्ही खात्रीने बोट ठेवता, आणि शेजारचा गृहस्थ त्यातल्या तीन जागी वाद घालतो.