इंजिनाचं पहिलं मिनिट

नगरच्या (आता अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालयात गेलेले लोक सेंच्युरियन, पॅटन, विजयंता यांच्यापुढे फोटो काढतात आणि बाहेर पडतात. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने फेब्रुवारी 1994 मध्ये सुरू केलेल्या या संग्रहालयात रणगाड्यांच्या गर्दीत एक चिलखती मोटारही आहे: रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्ट. जी गाडी आपण राजेमहाराजांच्या फोटोंत बघतो, तीच इथे पोलादी अंगरखा चढवून उभी आहे. मला मात्र तिच्या चिलखतापेक्षा तिच्या तेलाच्या पंपात जास्त रस आहे.

हेन्री रॉइसने ही 40/50 हॉर्सपॉवरची गाडी 1906 मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडली. सहा सिलिंडर, 7036 सीसी. लांबलचक क्रँकशाफ्टला सात बेअरिंगांचा आधार होता आणि या बेअरिंगांना पंपाने, दाबाखाली तेल पोहोचवलं जायचं. त्या काळी हे सर्रास नव्हतं. 1908 साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीमध्ये तेलाचा पंपच नव्हता. फिरणारे भाग तेल उडवायचे आणि त्या शिंतोड्यांवर इंजिन चालायचं. 1907 मध्ये सिल्व्हर घोस्टने 14,371 मैल, म्हणजे सुमारे 23,000 किलोमीटर, न थांबण्याचा विक्रम केला. 1914 च्या डिसेंबरात पहिल्या चिलखती गाड्या तयार झाल्या, तेव्हा काही टन पोलाद वाहायला हेच इंजिन निवडलं गेलं.

पण दाबाखाली तेल देऊन नेमकं काय साधतं? याचं उत्तर गाड्यांच्या आधी, रेल्वेच्या काळात सापडलं. 1883 मध्ये ब्यूचँप टॉवर नावाचा इंग्रज अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. आस फिरायला लागला की तेल आत जाण्याऐवजी उलट त्या भोकातून वर यायचं. त्याने बूच लावलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. शेवटी गेज लावला, तर काटा चौरस इंचाला 200 पौंडांच्या पुढे गेला. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून आपल्याखाली पाचर ठोकल्यासारखा दाब तयार करतो आणि त्या थरावर तरंगतो. 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. चांगल्या चालत्या इंजिनात क्रँक आणि बेअरिंग एकमेकांना जवळजवळ शिवतच नाहीत. मधे केसाहूनही बारीक तेलाचा थर असतो.

आता यातली मेख बघा. हा थर फिरण्यातून तयार होतो, आणि तोही तेल तिथवर पोहोचलं असेल तरच. नव्याने बांधलेल्या इंजिनाच्या नळ्या आणि वाहिन्या रिकाम्या असतात. म्हणजे ज्या क्षणी इंजिन पहिल्यांदा फिरतं, त्याच क्षणी त्याला वाचवणारं काहीच नसतं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात नवी आवृत्ती बिघडली तर जुनी परत चढवता येते. नगरमधल्या एका गॅरेजात ओळखीच्या निवृत्त फौजी काकांच्या जीपचं इंजिन बांधून झालं, तेव्हा मी मदतीला होतो. तिथे अशी सोय नव्हती. इंजिन विलीज 'गो डेव्हिल': चार सिलिंडर, 2199 सीसी, 60 हॉर्सपॉवर. दुसऱ्या महायुद्धाच्या जीपचं हे इंजिन; 1947 पासून महिंद्राने मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली आणि ते आपल्याकडे रुळलं. काकांच्या जीपचा क्रँक आयुष्यात तिसऱ्यांदा ग्राइंड झाला होता. आधी दहा थाउ, मग वीस, आता तीस. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तीसच्या पुढच्या मापाचं बेअरिंग आम्हाला कुठेच मिळालं नव्हतं. हा क्रँक आता पकडला, तर विषय संपला.

म्हणून दोन दिवस निव्वळ तयारीत गेले. बऱ्याच इंजिनांत तेलाचा पंप ड्रिल मशीन लावून बाहेरून फिरवता येतो. या इंजिनात पंप थेट कॅमशाफ्टच्या गिअरवर चालतो आणि डिस्ट्रिब्युटर त्या पंपाच्या दांड्यावर. त्यामुळे पंप आधीच तेलाने भरून बसवला. मग ऑइल गेजची नळी सोडवून त्या भोकातून हातपंपाने वाहिन्यांत तेल दाबलं. चारही प्लग काढले, म्हणजे कॉम्प्रेशन राहत नाही आणि बेअरिंगवर भार येत नाही. आधी हँडलने, मग स्टार्टरने इंजिन फिरवत राहिलो. गेजचा काटा हलेपर्यंत मिस्त्रींनी प्लगना हात लावू दिला नाही. "साहेब, घाई नका करू. आग नंतर, तेल आधी," ते काकांना म्हणाले.

टायमिंगही स्टार्टर मारण्याआधीच लावलं. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर, फ्लायव्हीलची खूण समोर, आणि पॉइंट उघडताच पेटणारा टेस्ट लॅम्प. कार्ब्युरेटरच्या वाटीत हाताने पेट्रोल भरलं. सगळा खटाटोप एवढ्यासाठी की इंजिन पहिल्याच झटक्यात धरावं, उगाच घरघरत राहू नये.

धरल्यावरही ते मंद सोडायचं नाही. कॅम आणि टॅपेट यांना तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून, थेट मॉडेल टीसारखं. फेरे कमी तर शिंतोडे कमी. म्हणून पहिली वीस मिनिटं दीड ते दोन हजार फेऱ्यांवर ठेवलं. एकाची नजर गेजवर, एकाची रेडिएटरवर, एकाचा हात स्विचवर. तेलही निवडून घेतलं होतं. 1940 च्या दशकापासून इंजिन ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरसचं एक रसायन घालतात; तेलाचा थर फाटला तरी ते धातूवर पातळ कवच धरतं. आजच्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस सोसत नाही, म्हणून नव्या तेलांत त्याचं प्रमाण कमी केलं आहे. पंपावरची सगळ्यात महागडी बाटली या म्हाताऱ्या इंजिनाला चालेलच असं नाही.

इंजिन धरलं, काटा टिकला. नंतर गरम तेल काढून त्यात धातूची चमक आहे का ते उन्हात पाहिलं, हेडचे नट पुन्हा आवळले, टॅपेट पुन्हा लावले.

हे सगळं एकेकाळी गाडीवाल्या घरांत थोडंफार माहीत असायचं. "रनिंग-इन आहे, चाळीसच्या वर नेऊ नकोस," हे वाक्य तुमच्याही वडिलांनी ऐकलेलं असेल. त्या काळचं इंजिन कारखान्यातून अर्धवटच बाहेर पडायचं. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकांना घासून जुळायच्या त्या रस्त्यावर, मालकाच्या हाताखाली. शेवटचा कारागीर गाडीचा मालकच असायचा. आता यंत्रकाम इतकं अचूक झालंय की त्या कारागिराची गरज फारशी उरलेली नाही. वाईट काही नाही त्यात. पण जुनी इंजिनं अजून आहेत आणि त्यांना तो लागतोच.

पेट्रोल परवडेना तेव्हा असंख्य जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं गेलं आणि मूळ इंजिनं भंगारात गेली. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांवरच्या खासगी गाडीला 'व्हीए' अक्षरांचा व्हिंटेज नंबर मिळू शकतो, पण गाडी मूळ रूपात हवी. इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही. म्हणजे काकांच्या जीपची ओळख त्या तीस थाउ घासलेल्या क्रँकवर टिकून आहे. आणि तो क्रँक टिकला, कारण प्लग कधी लावायचे हे एका माणसाला ठाऊक होतं. मी त्यांना विचारून सगळा क्रम लिहून घेतला, तेव्हा त्यांनी वहीकडे पाहिलं आणि म्हणाले, "लिही, पण पुढचं इंजिन उघडेन तेव्हा ये."