मृतांवर रोखलेली लेखणी : जुव्हेनलचे रोम

#धागा

अँकोनाजवळच्या समुद्रात एका कोळ्याच्या जाळ्यात अवाढव्य टर्बट मासा सापडतो. बाजारात न्यावा, तर किनाऱ्यावर पावलोपावली सम्राटाचे खबरे. हा मासा सम्राटाच्या तळ्यातूनच निसटला आहे, असे म्हणून ते तो जप्त करणार हे उघड. कोळी शहाणा आहे. तो मासा आपण होऊनच डोमिशियनला नजर करतो.

आता पेच असा की, एवढा मासा मावेल असे भांडेच प्रासादात नाही! तातडीने सल्लागार मंडळाला आल्बा येथे पाचारण केले जाते. सीमेवर युद्ध पेटल्याची वार्ता आली असावी, अशा लगबगीने रोममधील थोर पुरुष पांढऱ्याफटक चेहऱ्याने धावत येतात. त्यांतील मेस्सालिनस आंधळा आहे. तो माशाची तोंड भरून स्तुती करतो, पण डावीकडे तोंड करून. मासा असतो उजवीकडे. शेवटी ठराव होतो : माशाचे तुकडे करू नयेत, नवे भांडे घडवावे, आणि यापुढे सम्राटाच्या छावणीत कुंभार बाळगावेत.

ही जुव्हेनलच्या चौथ्या उपहासकाव्याची कथा. प्रसंग खराच घडला की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. खबऱ्यांच्या राज्यात माणसे कशी बोलतात, कशी चालतात आणि कशाला मान डोलावतात, हे मात्र त्यात पुरेपूर दिसते.

पण हे काव्य लिहिले गेले केव्हा? डोमिशियनचा खून इ.स. ९६ मध्ये झाला आणि जुव्हेनलचे पहिले पुस्तक इ.स. १०० नंतरचे. ज्याच्यावर ही तोफ डागली, तो केव्हाच मेला होता. कवी हे लपवीतही नाही. पहिल्याच काव्यात तो जाहीर करतो की, ज्यांची राख रोमबाहेरच्या फ्लामिनियन आणि लॅटिन रस्त्यांच्या कडेला विसावली आहे, त्यांच्यावरच आपण लिहिणार. (त्याच काव्यात आफ्रिकेचा लाचखाऊ सुभेदार मारियस प्रिस्कस नावानिशी येतो खरा, परंतु त्याला इ.स. १०० मध्ये न्यायसभेने आधीच दोषी ठरविले होते.)

याला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे. मात्र या काव्यप्रकाराचा मागचा प्रवास पाहिला, तर तसे म्हणवत नाही. इ.स.पू. दुसऱ्या शतकात ल्युसिलियसने हा प्रकार घडविला, तेव्हा तो जिवंत आणि सत्ताधारी माणसांची नावे बेधडक घेत असे. त्याला ते परवडत होते : तो धनाढ्य अश्वारोही वर्गातला, आणि सिपिओ एमिलियानसचा स्नेही. होरेसचा बाप मुक्त झालेला गुलाम. शिवाय होरेस स्वतः इ.स.पू. ४२ मध्ये फिलिप्पाईच्या रणांगणावर हरलेल्या बाजूने लढलेला. त्याने हसत हसत बोलण्याची रीत पत्करली आणि मोठ्यांची नावे बहुतेक टाळली. नीरोच्या काळातील पर्सियस तर इतका दुर्बोध लिहितो की, भाष्याशिवाय त्याचे पान उलटत नाही. गणराज्य गेले, एका माणसाची सत्ता आली. विनोदाची उंची माणसाच्या दर्जावरून आणि ओळखींवरून ठरू लागली.

जुव्हेनलने नावे मृतांची घेतली, पण ज्या व्यवहाराचे वर्णन केले तो जिवंत होता. पाचव्या काव्यातील मेजवानी पाहा. यजमान विरो आणि त्याचा आश्रित ट्रेबियस एकाच पंक्तीला बसतात, पण ताटे वेगळी. यजमानापुढे मऊ पांढरा पाव, आश्रितापुढे दात न रोवणारा बुरसटलेला तुकडा. यजमानाला दूरच्या समुद्रातली निवडक मासळी, आश्रिताला टायबर नदीतला, गटाराच्या घाणीवर पोसलेला मासा. हा आश्रित पहाटे उठून टोगा सावरत यजमानाच्या दारी मुजऱ्याला जातो, आणि बदल्यात मिळतात १०० क्वाड्रान्स, म्हणजे सर्वांत हलकी १०० नाणी. जुव्हेनलचा राग येथे एकट्या यजमानावर नाही. हे सारे गिळून उद्या पुन्हा त्याच दारी जाणाऱ्यावरही तो तितकाच संतापतो.

तिसऱ्या काव्यात उम्ब्रिसियस रोम सोडून क्युमेला निघाला आहे. टेकू देऊन उभ्या केलेल्या भाड्याच्या इमारती, वरच्या मजल्यावरील भाडेकरूला सर्वांत शेवटी कळणारी आग, खिडकीतून डोक्यावर कोसळणारी मडकी, रात्रभर गाड्यांचा खडखडाट. दिवसा अवजड गाड्यांना शहरात बंदी असल्याने गरिबाला झोप मिळत नसे. नाट्यगृहात अश्वारोहींसाठी राखीव पुढच्या १४ रांगांत ४,००,००० सेस्टर्सची मालमत्ता नसलेल्याला उठविले जाई. अंगावरच्या फाटक्या टोग्यापेक्षा लोकांचे हसणे त्याला अधिक झोंबते.

तरीही उम्ब्रिसियसला गरिबांचा कैवारी समजण्याची घाई करू नये. त्याचा सर्वांत जहाल संताप घरमालकांवर नसून ग्रीक आणि सीरियन स्थलांतरितांवर आहे. त्याचे खरे दुखणे असे की, यजमानाची खुशामत करण्यात हे परके आपल्याला मागे टाकतात; आपण तीच खुशामत केली, तर कोणी विश्वास ठेवत नाही! सहावे काव्य तर स्त्रियांविरुद्धच्या आगपाखडीने इतके लांबले की, त्या एकाचेच संपूर्ण दुसरे पुस्तक झाले. जुव्हेनलला रोमन समाजाचा आरसा मानणाऱ्यांनी हा आरसा कोणाच्या हातात आहे, हेही पाहावे. हा आवाज घसरणीला लागलेल्या रोमन पुरुषाचा आहे. त्याला जाचक वाटते ते सर्वच अन्याय्य असते असे नाही. ओस्तियाच्या उत्खननात बहुमजली भाड्याच्या इमारती सापडल्या आहेत, पण त्या पक्क्या विटांच्या आणि भक्कम आहेत. टेकूवरच्या इमारती कोसळून नाहीशा झाल्या असतील, म्हणून केवळ अवशेषांवरून कवीला खोटेही ठरविता येत नाही.

तिसरे काव्य संपते ते कापेना वेशीपाशी. सूर्य मावळतीला आला आहे, गाडीवान चाबूक हलवून घाई करतो आहे. आक्विनमला विश्रांतीसाठी आलास तर बोलाव, जाडजूड बूट चढवून तुझी काव्ये ऐकायला येईन, असे मित्राला सांगून उम्ब्रिसियस निघतो. मित्र रोममध्येच राहतो.